ज्या आवाजाला बक्षीस मिळालं

मार्च संपत आला की इथली हवा दोन-तीन दिवसांत पालटते. सकाळी गॅलरीत उभं राहावं तर अंगावर ओढणी घ्यावीशी वाटते, आणि दुपारी त्याच गॅलरीच्या कठड्याला हात लावता येत नाही. रस्त्यांमधल्या गोल बागांतली हिवाळ्याची फुलं कामगार उपटून ट्रकमध्ये भरतात. खिडकी कितीही घट्ट लावा, बारीक वाळू आत येतेच. दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या घरात या दिवसांत दोन गोष्टी एकदम चालू असतात. आतल्या खोलीत मुलीची परीक्षा, आणि बाहेर टीव्हीवर अमेरिकेतल्या सिनेमाच्या सगळ्यांत मोठ्या बक्षिसांचा समारंभ.

तो मी दरवर्षी बघते. कुणाचा झगा कसा होता ते मला नंतर सांगता येत नाही. अभिनेत्रींच्या नामांकनाच्या पाच चौकटी पडद्यावर आल्या की मी त्यांत काळा चेहरा शोधते. असला, तर मग त्या बाईवरून माझी नजर हलत नाही. नाव दुसऱ्याच कुणाचं पुकारलं जातं आणि ती हसून टाळ्या वाजवते. ते हसू यायच्या आधी तिच्या चेहऱ्यावर अर्धा क्षण काहीतरी येऊन जातं. त्या अर्ध्या क्षणासाठी मी बसलेली असते.

"ममा, व्हॉल्यूम कमी कर ना. आय हॅव केमिस्ट्री टुमारो," मुलगी आतून म्हणते.

मी आवाज कमी करते. राग कमी होत नाही. वर्षाचे बाकीचे महिने मी बऱ्यापैकी समजूतदार बाई असते. या दिवसांत मात्र मला माणसं आठवतात, त्यांची वाक्यं जशीच्या तशी आठवतात, आणि मी जे केलं तेही आठवतं. ऐकणाऱ्यांना वाटतं, मला त्याचा पश्चात्ताप होत असणार. होतो. पण त्यांना वाटतो त्या गोष्टीचा नाही.

माझं शाळेचं वय रुवैसमध्ये गेलं. अबुधाबीपासून पश्चिमेला अडीच तास गाडी हाकली की एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाळवंट, आणि मध्ये रिफायनरीची ज्योत दिसायची. ती दिवसाही जळायची. उन्हात ती दिसत नसे, तिच्यावरची थरथरणारी हवा दिसायची. बाबा तिथे इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होते. कॉलनीतली सगळी घरं सारखी, सगळ्यांची दारं सारखी, म्हणून लहानपणी मी एक-दोनदा चुकीच्या घरात शिरलेय. समुद्रावरून वारा आला की ओठ खारट व्हायचे. उलटा फिरला की गंधकाचा वास यायचा आणि आई दोरीवरचे कपडे आत घ्यायची. पेपर लिहून घरी येताना मला हा वास हमखास लागायचा, त्यामुळे आजही गंधकाचा वास आला की परीक्षा आठवते.

शाळेत आम्हाला अरबी शिकवायला मिस नवाल होत्या. त्या सुदानच्या. उंच, रुंद खांद्यांच्या, साडीसारखं लांब वस्त्र अंगाभोवती गुंडाळून वर्गात यायच्या. त्यांचे यजमान रिफायनरीच्या लॅबमध्ये होते आणि आमच्या घराच्या तीन दारं पलीकडे ते राहायचे. त्या क्रियापदं चालवायला लागल्या की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प व्हायची, कारण त्यांचा आवाज भिंतीला लागून परत यायचा. पुढे कळलं की खार्तूममध्ये त्या रंगमंचावर काम करायच्या. राणी झालेल्या होत्या, विधवा झालेल्या होत्या, एकदा संपूर्ण नाटकभर एकट्याच बोलल्या होत्या. मग त्यांच्याकडे राजवट बदलली, नाटकं बंद पडली, आणि त्या आम्हाला 'मी गेलो, तू गेलास' शिकवायला आल्या.

मी काळी आहे. मराठी मंडळातल्या बायका मला सांभाळून घेत 'सावळी' म्हणायच्या, पण मी काळी आहे. मिस नवाल मला एकदा म्हणाल्या, "तुझे लोक आपल्याला बघून आधी कशाबद्दल बोलतात ते मला कळतं. हिंदी थोडं येतं मला." त्या दिवसापासून अरबीच्या शंकांचं निमित्त काढून मी त्यांच्या घरी जायला लागले.

त्या काळी तो बक्षीस समारंभ आमच्याकडे मंगळवारी सकाळी दिसायचा, म्हणजे आम्ही शाळेत असायचो. मिस व्हीसीआरला वेळ लावून तो रेकॉर्ड करायच्या आणि गुरुवारी, सुट्टीच्या दुपारी, आम्ही दोघी तो बघायचो. जमिनीवर बसून, पुढ्यात लुकैमातची वाटी. लुकैमात म्हणजे साखरेच्या पाकात घोळलेले छोटे तळलेले गोळे, बोटं चिकट होतात. मिस बघता बघता सांगायच्या. त्या समारंभात पहिल्यांदा एका काळ्या बाईला बक्षीस मिळालं, ते घरकाम करणाऱ्या बाईच्या भूमिकेसाठी. सहायक अभिनेत्रीचं. आणि त्या संध्याकाळी तिला बाकीच्या नटनट्यांबरोबर बसवलं नव्हतं. मागे, भिंतीलगत, वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. तिथून चालत जाऊन तिनं ते घेतलं. त्यानंतर कितीतरी वर्षं गेली तेव्हा कुठे दुसरीला मिळालं, तेही सहायकच. मुख्य भूमिकेचं एकदाही नाही.

"एकदाही?" मी विचारलं होतं.

"एकदाही. नामांकन देतात. बोलावतात, खुर्ची देतात, कॅमेरा लावतात. खलास. मग ती हसते."

त्या स्वतःही एकदा सिनेमात काम करायला कैरोला गेल्या होत्या, विशीत असताना. पहिल्या सिनेमात त्यांनी मालकिणीसाठी दार उघडलं. दुसऱ्यातही दार उघडलं. तिसऱ्यात एका काळ्या दाईची चांगली मोठी भूमिका होती, सात प्रसंगांची. त्या सेटवर पोचल्या तेव्हा एक गोरी नटी आरशासमोर बसली होती आणि मेकअपवाला तिच्या तोंडाला काळा रंग फासत होता. मिस नवालना त्या दिवशीसुद्धा दार उघडायचंच काम होतं.

"मग तुम्ही काय केलंत?"

"निघून आले. तुला सांगते, हबीबती, माफ करायची घाई करू नकोस. लोक फार घाई करायला लावतात."

आई जे शिकवायची त्याच्या नेमकं उलटं होतं ते. मला फार आवडलं.

रुवैसमध्ये मराठी घरं तीसेक असतील. दर पाडव्याच्या सुमारास अबुधाबीत मराठी एकांकिकांची स्पर्धा व्हायची आणि आमचं मंडळ त्यात उतरायचं. एकांकिका लिहायचे, बसवायचे आणि कुणी कुठे उभं राहायचं ते ठरवायचे मनोहरकाका. त्यांचा कॉन्ट्रॅक्टिंगचा धंदा होता, मोठी गाडी होती आणि आवाजात गोडवा होता. काका वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. आम्हा मुलांना ते आइसक्रीम द्यायचे, प्रत्येकाला 'बेटा' म्हणायचे. त्यांची मुलगी नेहा माझ्या वर्गात, माझ्या बाकावर. नेहा गोरी, नाजूक, घाऱ्या डोळ्यांची. आम्ही एकमेकींचे डबे खायचो.

आठवीत मी काकांच्या नाटकात मोलकरीण झाले. नववीतही. काकांच्या प्रत्येक नाटकातल्या मोलकरणीचं नाव चंद्रा असायचं, दुसरं नाव शोधायची त्यांना कधी गरज वाटली नाही. तालमींमध्ये सगळे मला चंद्राच म्हणायचे, आणि हळूहळू तालमीबाहेरही. "चंद्रे, पाणी आण गं," असं एखादा काका म्हणायचा आणि मी आणायचे. नाटकातलं का खरं, ते मलाही कळायचं नाही.

दहावीत मी नायिकेचं काम मागितलं. बोर्डाचा शेवटचा पेपर झाला त्याच संध्याकाळी, काकांच्या दिवाणखान्यात, सगळ्यांसमोर. काकांनी मला वाचायला लावलं. नायिका खिडकीशी उभी राहून आईचं पत्र मनातल्या मनात वाचते आणि तिचा आवाज स्पीकरवरून ऐकू येतो, असा तो प्रसंग. मी वाचलं. नेहाची आई डोळे पुसत होती. काकांनी माझ्या हातातले कागद मागून घेतले.

"आवाज फार सुंदर आहे तुझा, बेटा," ते म्हणाले. "पण तू लाइटमध्ये दिसणार नाहीस. हा टेक्निकल प्रॉब्लेम आहे, मनाला लावून घेऊ नकोस."

मग त्यांना युक्ती सुचली. खिडकीशी नेहा उभी राहील. पत्र टेपवर असेल. टेपवर आवाज माझा. नेहाचा आवाज बारीक होता, तीनशे माणसांच्या हॉलमध्ये पोचायचा नाही. इतर संवाद तोडून त्यांनी चार वाक्यांवर आणले आणि सगळं नाटक त्या पत्रावर उभं केलं. मी दोन्ही कामं केली. टेपवर नायिका आणि स्टेजवर चंद्रा.

स्पर्धेच्या दुपारी मी हॉलच्या लाइटवाल्याला विचारलं. शाजी नावाचा मल्याळी माणूस होता, शिडीवर चढलेला. मी हिंदीत विचारलं की काळ्या माणसाचा चेहरा खरंच दिसत नाही का. तो शिडीवरच वळला.

"कौन बोला? लाइट को थोडा इधर घुमाने का, पीला कागज लगाने का. दो मिनट का काम है. मेरा फेस नहीं दिखता क्या तुमको?"

मी धावत जाऊन काकांना सांगितलं. ते नेहाच्या केसांत पिन खोचत होते. "आता वेळ कुठे आहे, बेटा?" ते म्हणाले.

नेहाला त्या वर्षी अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक मुंबईहून आलेले होते. ते माइकवर म्हणाले की या मुलीच्या आवाजातली कळ विसरता येणार नाही. मी प्रेक्षागृहात पाचव्या रांगेत बसले होते, मांडीवर सगळ्यांच्या कपड्यांची बॅग. कार्यक्रमाच्या कागदावर आवाजाखाली कुणाचंच नाव नव्हतं. नेहा स्टेजवर गेली, तिनं चषक घेतला, माइक तिच्यासमोर धरला गेला आणि ती 'थँक यू' एवढंच म्हणाली. मी टाळ्या वाजवल्या. मी हसत होते. हसताना जाणवलं की हे हसू मी कुठेतरी बघितलेलं आहे, गुरुवारच्या दुपारी, व्हीसीआरवर.

परतीच्या वाटेवर गाडीत काका म्हणाले, "टीमवर्क." नेहा खिडकीतून बाहेर बघत होती. अडीच तासांत तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. घरी आईनं वरणभात वाढला आणि म्हणाली, "जाऊ दे गं. आपल्याला सगळं माहीत आहे ना." पण आपल्याला माहीत असण्याचा काय उपयोग, हे मला तेव्हाही कळलं नाही, अजूनही कळत नाही.

वर्षभर मी कुणाशी भांडले नाही. नेहाबरोबर एकाच बाकावर बसले, डबा खाल्ला, अकरावीची प्रॅक्टिकल्स केली. सूडाबद्दल माझी समजूत अशी होती की तो भडकलेल्या माणसाचा असतो. तसं नसतं. वर्षभरात मी इतकी शांत झाले की आई खूश होती. मार्चमध्ये काकांनी नवीन एकांकिका काढली. पुन्हा पत्र, पुन्हा खिडकी, पुन्हा चंद्रा. "गेल्या वेळेसारखं रेकॉर्ड करून ठेव, बेटा. तुझ्या त्या अरबी टीचरकडे चांगला डेक आहे ना?"

मी दोन कॅसेटी केल्या. एक तालमीसाठी, त्यात पत्र होतं. दुसरीत काय असेल ते मी मिस नवालना सांगितलं. त्यांनी एसी बंद केला, खिडकीला जाड चादर लावली आणि माझ्यासमोर जमिनीवर बसल्या.

"मिस, हे बरोबर आहे का?"

"ते मला विचारू नकोस. हळू बोल. राग शब्दांत राहू दे, आवाजात नको. आवाजात आला तर ते म्हणतील, पोरगी चिडली आहे." मग त्यांनी विचारलं, "तुझ्या मैत्रिणीला आधी सांगणार आहेस?"

"नाही."

"मग तिलाही लागेल. लागू द्यायचं असेल तर ठरवून लागू दे. नंतर मला येऊन म्हणू नकोस की चुकून झालं."

मी ठरवलं. हे मी लपवत नाही. नेहाला लागावं असं मला वाटत होतं. 'थँक यू' म्हणायला तिला जेवढा वेळ मिळाला, तेवढ्यात माझं नाव दोनदा घेऊन झालं असतं. मिसनी रेकॉर्डचं बटण दाबलं.

कॅसेट बदलणं फारच सोपं गेलं. प्रयोगाआधी सगळ्यांना चहा द्यायचं काम चंद्राचं होतं, नाटकातही आणि बाहेरही. मी ट्रे घेऊन साउंडच्या टेबलापाशी गेले, कप ठेवला, कॅसेट काढली, दुसरी घातली. टेबलावरच्या मुलानं कप उचलला आणि थँक्स म्हणाला. माझ्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे कुणी बघत नाही याचा उपयोग मला आयुष्यात तेवढा एकदाच झाला.

पडदा उघडला. दहा मिनिटांनी नेहा खिडकीशी गेली, हातात पत्राचा कोरा कागद. निळा प्रकाश. हॉलभर माझा आवाज पसरला.

"आईचं पत्र थोडं थांबेल. माझं नाव वैजयंती साळवी. या नाटकात मी मोलकरीण आहे. गेल्या वर्षी याच हॉलमध्ये ज्या आवाजाला अभिनयाचं बक्षीस मिळालं, तो हा आवाज. मी उजेडात दिसणार नाही असं मला सांगण्यात आलं, म्हणून मला टेपवर ठेवण्यात आलं आणि नाव दुसरीचं लावण्यात आलं. यंदाही तसंच ठरलं आहे. ठरवणारे आत्ता डावीकडच्या विंगेत उभे आहेत. आता पुढचं पत्र, जिला बक्षीस मिळालं तिनं वाचावं."

मग टेपची नुसती खरखर. काका साउंडच्या टेबलाकडे धावले, वायरीत अडकले, सावरले. त्यांचा चेहरा मी समोरच्या विंगेतून पाहिला. कानापर्यंत लाल झाला होता आणि तोंड उघडं होतं. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.

नेहा तशीच उभी होती. मला वाटलं, रडेल. वाटलं, पळेल. मी त्याची वाट बघत होते. ती सावकाश वळली आणि माझ्या विंगेकडे तोंड करून, नाटकातल्याच सुरात म्हणाली,

"चंद्रा, इकडे ये गं. आईचं पत्र तू वाच. मला वाचवत नाही."

आणि तिनं हात पुढे केला. त्या हातात कोरा कागद होता. तिच्या शेजारी, खिडकीतून पडणाऱ्या उजेडात, एक माणूस मावेल एवढी जागा होती.

मी गेले नाही.

पत्र मला अक्षर न् अक्षर पाठ होतं. हातात पाण्याच्या पेल्याचा ट्रे होता, पुढच्या प्रवेशासाठी. चार पावलांचं अंतर. मी ट्रे धरून उभी राहिले आणि तिच्या डोळ्यांत बघत राहिले. तिनं बराच वेळ हात तसाच ठेवला. मग तो मागे घेतला आणि स्वतःच वाचायला लागली. तिला पत्र पाठ नव्हतं, कधी लागलंच नव्हतं. आठवतील ती वाक्यं ती जोडत गेली, मध्येच अडखळली, बारीक आवाज मागच्या रांगांपर्यंत पोचत नव्हता, म्हणून माणसं पुढे वाकून ऐकायला लागली. ती थांबली तेव्हा टाळ्या पडल्या. खूप वेळ. तिला. माझ्या सूडाच्या पोटातून तिच्यासाठी टाळ्या निघाल्या, आणि मी ट्रे घेऊन अंधारात.

नाटक स्पर्धेतून बाद झालं. महिन्याभरात संयोजकांनी गेल्या वर्षीचा चषक परत मागवला आणि तो घेऊन काकांना एकट्याला अबुधाबीपर्यंत गाडी चालवत जावं लागलं. त्या दिवशी आमच्या घरी शिरा झाला होता. आईनं सहज केला होता, पण मी तीनदा वाढून घेतला. पुढे काकांनी नाटक बसवणं सोडलं. आम्हाला हळदीकुंकवाची बोलावणी यायची थांबली. आईला त्याचा त्रास झाला, ती कधी बोलली नाही. काका एकदा आमच्या दारात येऊन बाबांना म्हणाले, "साळवी, तुमच्या मुलीनं मंडळाची अब्रू घालवली."

बाबा फार न बोलणारे गृहस्थ. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मनोहरराव, तिनं त्यात खोटं काय सांगितलं तेवढं मला सांगा. मग मी तिला माफी मागायला घेऊन येतो."

काका निघून गेले. बाबांनी दार लावलं आणि मला म्हणाले, "चहा टाक." माझ्या बाबांकडून मला मिळालेलं सगळ्यांत मोठं बक्षीस ते.

मिस नवालनी तेव्हा एवढंच विचारलं होतं, "तिनं बोलावलं, तर गेलीस?" मी नाही म्हटलं. त्यांनी कारण विचारलं नाही. नेहानं बारावीला दुसरा बाक घेतला आणि मग ती शारजात कॉलेजला गेली. माझ्याशी एक शब्द न बोलता.

पाच वर्षं गेली. मी दुबईत एका रेकॉर्डिंग स्टुडिओत नोकरीला लागले, जाहिरातींना आवाज देत होते. मिस नवालच्या यजमानांना उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्यात काम मिळालं होतं, समुद्राजवळ त्यांचं बैठं घर होतं. दोन हजार दोनच्या मार्चमध्ये मी त्यांच्याकडे मुक्कामाला गेले, कारण त्या वर्षी समारंभ सोमवारी सकाळी थेट दिसणार होता आणि मुख्य अभिनेत्रीच्या पाच नावांत एक काळी बाई होती. सकाळी खाडीवर धुकं होतं. मिसनी चहात लवंग घातली होती. त्यांचे केस आता पांढरे झाले होते. आठ वाजून गेले तरी ते नाव येईना. माझी ऑफिसची वेळ टळत होती.

मग पाकीट फोडलं गेलं आणि ते नाव पुकारलं गेलं. त्या बाईचं.

तिला उभं राहता येईना. मंचावर जाऊन तिला बोलता येईना. ती रडत होती, आणि बोलायला लागली तेव्हा तिनं आधी स्वतःचं काही सांगितलं नाही, आपल्या आधी येऊन गेलेल्या बायकांची नावं घेतली. मी हुंदके देत होते. सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मिस नवाल मात्र मांडी घालून ताठ बसल्या होत्या, डोळे कोरडे.

"बघ कशा वाजवतायत," त्या म्हणाल्या. "तिच्यासाठी नाही. आपण किती चांगले आहोत म्हणून स्वतःसाठी वाजवतायत. एवढी वर्षं ह्याच लोकांनी लावली."

"तुम्हाला आनंद नाही झाला, मिस?"

"झाला. खूप झाला. माफी नाही." त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. ती बाई मुक्यानं रडत राहिली. "आता सांग. त्या दिवशी तू का गेली नाहीस?"

पाच वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं, तरी उत्तर तयारच होतं. "तिनं मला चंद्रा म्हणून हाक मारली. वैजू म्हणाली असती तर गेले असते."

मिसनी हातातला कप खाली ठेवला. "मी कैरोतून निघाले तेव्हा त्या सेटवर चाळीस माणसं होती," त्या म्हणाल्या. "कुणीही मागून हाक मारली नाही. चुकीच्या नावानंसुद्धा नाही." त्यांनी कप उचलले आणि आत गेल्या. जाताना पायानं टेलिफोनची तिपाई माझ्याकडे सरकवली.

नेहाचा नंबर मी आईकडून कधीच मिळवून ठेवला होता. तिनं दुसऱ्या घंटेला फोन उचलला. तीही टीव्हीसमोर होती, मागे तोच आवाज येत होता.

मी नमस्कार-चमत्कार न करता तेच वाक्य म्हटलं. चंद्रा म्हणालीस. वैजू म्हणाली असतीस तर आले असते.

"पप्पा विंगेत होते गं," ती म्हणाली. "मला नाटकाबाहेरचं काही बोलायचं सुचलंच नाही. तिथे तुला सगळे तेच म्हणायचे. मीही." मग म्हणाली, "त्या चषकाच्या वेळी माझ्या हातात माइक होता. ते मला रोज आठवतं. सॉरी म्हटलं तर चालेल?"

"नाही."

"बरं. मग नाही म्हणत. पण तू मला आधी सांगायला हवं होतंस, वैजू. मी काय केलं असतं ते तू बघायचंस तरी. तीनशे माणसांसमोर मला एकटीला उभं केलंस तू. मी सतरा वर्षांची होते."

"मीही सतरा वर्षांची होते."

आणि मग आम्ही भांडलो. जे बाकावर बसून वर्षभर बोललो नाही ते सगळं बाहेर आलं. तिनं मला क्रूर म्हटलं, मी तिला भित्री म्हटलं. ती म्हणाली, तुझ्यामुळे पप्पा खचले. मी म्हटलं, खचू देत. ती रडली, मी रडले नाही, मग मी रडले तेव्हा ती थांबून ऐकत राहिली. मिस नवाल दारात येऊन बघून गेल्या आणि दार ओढून घेतलं. घड्याळात दहा वाजले होते. माझा घसा बसला होता, आणि दुपारी मला स्टुडिओत आवाज द्यायचा होता.

"उद्या करू का फोन?" नेहानं विचारलं.

"कर," मी म्हटलं. "माझं अजून संपलेलं नाही."

"माझंही," ती म्हणाली.